राखीव : आदिलाबाद जिल्ह्यातील एका इंग्रजी शब्दाचा इतिहास

‘रिझर्व’ हा इंग्रजी शब्द आदिलाबाद जिल्ह्यात जंगलखात्याबरोबर रुजला आणि आजही तिथल्या रोजच्या बोलण्यात आहे. तिथल्या आठवडी बाजारात गोंडी, कोलामी, तेलुगू, मराठी, उर्दू आणि बंजारा बोली एकमेकींना खेटून ऐकू येतात, आणि या सगळ्यांत हा शब्द जवळजवळ जसाच्या तसा येतो. जंगल रिझर्व असते, आमदारकीची जागा रिझर्व असते, पोलिसांतले एक दल रिझर्व असते, किनवटमार्गे मुंबईला जाणाऱ्या नंदीग्राम एक्स्प्रेसचे तिकीट रिझर्व करावे लागते, आणि २०१२ पासून वाघांचाही एक रिझर्व आहे. ज्या लॅटिन क्रियापदापासून तो आला त्याचा अर्थ ‘मागे राखून ठेवणे’ एवढाच. काय राखले ते या शब्दावरून कळते. कोणासाठी राखले आणि कोणापासून राखले, ते मात्र प्रत्येक वेळी सरकारी हुकमात शोधावे लागते. आदिलाबादच्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतले मोठे तंटे नेमके या दोन प्रश्नांवर झाले आहेत.

मराठीने त्याला ‘राखीव’ हा प्रतिशब्द दिला. राखणे हे क्रियापद घरगुती आहे. शेत राखतात, गुरे राखतात, पावसाळ्यात कुरण राखतात, पाहुण्याचा मान राखतात. राखणदार असतो तो आतल्या माणसांच्या वतीने बाहेरच्यांवर नजर ठेवतो. आदिलाबादच्या डोंगरांत जंगल राखले गेले तेव्हा ही रीत उलटी झाली. पिढ्यान्‌पिढ्या आत राहणारी माणसेच बाहेरची ठरली.

निजामाच्या राज्यात या मुलखाला आधी सिरपूर-तांडूर म्हणत. १९०५ मध्ये आदिलाबाद हा स्वतंत्र जिल्हा झाला. तेव्हा आज महाराष्ट्रात असलेले किनवट आणि राजुरा हे तालुकेही त्यात होते. उत्तरेला पैनगंगा, दक्षिणेला गोदावरी, पूर्वेला वर्धा व प्राणहिता, आणि मध्ये उटनूरचे पठार व सागाचे दाट जंगल असा हा मुलूख. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांची सत्ता इथे पोचली होती. गोंडांच्या बरोबरीने कोलाम, नायकपोड, थोटी, अंध आणि परधान असे समाज इथे राहतात. गोंडांच्या कुळकथा किकरी वाजवून गाणाऱ्या परधानांची घरची भाषा मराठी आहे. अंध समाजही मराठीच बोलतो. त्यामुळे आदिलाबादमधली मराठी बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांनी आणली, हे अर्धेच खरे. ती डोंगरातही जुनी आहे.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८च्या वनकायद्याने जंगलांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन प्रकार पाडले. राखीव वनात लोकांचे हक्क सर्वांत कमी. जाहीरनामा निघाल्यावर दावे मांडायला किमान तीन महिन्यांची मुदत असे. त्या मुदतीत जो हक्क कोणी मांडला नाही तो बहुतांशी बुडाला. हैदराबाद संस्थानानेही पुढे याच धर्तीवर वनकायदे केले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत आदिलाबादच्या सागवनात मोजणीदार फिरू लागले.

राखीव वन जमिनीवर उतरते ते एका रेषेच्या रूपाने. झाडे-झुडपे तोडून एक पट्टा मोकळा करायचा, ठरावीक अंतरावर दगडांचे ढीग रचायचे, आणि नकाशावर आतल्या बाजूला हिरवा रंग भरायचा. आदिलाबादमध्ये या कामात एक मोठी चूक झाली, आणि तिचे परिणाम आजतागायत निस्तरलेले नाहीत. गोंड शेतकरी हलकी जमीन सलग कसत नसत. काही वर्षे ज्वारी-कुळीथ घेऊन ती पडीक टाकायची, दुसरा तुकडा उघडायचा, आणि जमिनीला कस आला की पहिल्याकडे परत यायचे, अशी त्यांची पद्धत. कोलाम तर डोंगरउतारावर झाडोरा तोडून, जाळून, कुदळीने पेरणी करणारे. या शेतीला इथे पोडू म्हणतात. पडीक तुकड्यावर चार-पाच वर्षांत झुडपे माजतात. मोजणीदाराला तिथे जंगल दिसले. त्याने रेषा गावाच्या उभ्या पिकांलगत ओढली आणि गावाची निम्मीअधिक शेती, म्हणजे विश्रांती घेत पडलेली सारी जमीन, राखीव वनात गेली.

या जमिनींवर कागदी हक्क जवळपास कोणाचाच नव्हता. संस्थानच्या महसुली व्यवहारात पट्टा नसलेली सरकारी जमीन कसू देण्याची ‘शिवाय जमाबंदी’ ही पद्धत होती. वर्षाचा सारा भरायचा, पीक घ्यायचे, मालकी मात्र मिळत नसे. अनेक गोंडांची वहिवाट याच सदरात होती. मैदानी भागात रस्ते आणि रेल्वे आल्यावर बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांनी आणि सावकारांनी चांगल्या जमिनींचे पट्टे आपल्या नावावर करून घेतले. तिथून डोंगराकडे सरकलेला गोंड वर राखीव वनाच्या रेषेला अडला. खाली पट्टेदार आणि वर जंगल-गार्ड, अशा कोंडीत १९३०च्या दशकातला आदिलाबाद जिल्हा होता. राखीव हद्दीत सापडलेली कित्येक कोलाम व गोंड गावे या काळात उठवली गेली.

कुमरम भीम यांचा लढा या कोंडीतून उभा राहिला. आसिफाबादजवळच्या संकेपल्लीचा हा गोंड तरुण जमिनीच्या भांडणात त्याच्या हातून एकाचा खून झाल्यावर परागंदा झाला, चांद्यामार्गे आसामच्या चहामळ्यांपर्यंत गेला आणि काही वर्षांनी परत आला. बाबेझरी-जोडेघाटच्या डोंगरात त्याने सोयऱ्यांसह जंगल साफ करून शेती धरली. जमीन राखीव होती. खटले झाले, झोपड्या जाळल्या गेल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. भीम यांनी दाद मागण्यासाठी हैदराबाद गाठले. हाती काही लागले नाही तेव्हा बारा गावांचे गोंड-कोलाम शस्त्र घेऊन जोडेघाटच्या माथ्यावर जमले. ऑक्टोबर १९४० मध्ये निजामाच्या पोलिसांनी डोंगर वेढून गोळीबार केला आणि भीम साथीदारांसह मारले गेले. तारखेबद्दल लिहिणाऱ्यांत एकमत नाही. गोंड समाज ती तिथीने पाळतो : आश्विन पौर्णिमा, म्हणजे मराठी घरांतली कोजागिरी. जल, जंगल, जमीन ही आज देशभर ऐकू येणारी त्रयी भीम यांच्याच नावाशी जोडली जाते.

तोवर निजामाच्या राज्याबाहेर या शब्दाला दुसरा अर्थ जडला होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांतून भरण्याचा हुकूम काढला. २४ सप्टेंबर १९३२च्या पुणे कराराने प्रांतिक विधिमंडळांतल्या १४८ जागा अस्पृश्य वर्गांसाठी राखून ठेवल्या. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांतून ‘राखीव जागा’ हे शब्द वाचणाऱ्याच्या मनात हक्क, प्रवेश, वाटा असे अर्थ उमटत. आसिफाबादच्या डोंगरात, केवळ आठ वर्षांनी, त्याच शब्दावरून माणसे मारली गेली, कारण तिथे राखीव म्हणजे मज्जाव होता.

अमेरिकेत या शब्दाने तिसरेच वळण घेतले. तिथे मूळ रहिवाशांना त्यांच्या विस्तीर्ण प्रदेशांतून हटवून ज्या आवळलेल्या भूभागांत बसवले त्या भूभागांनाच ‘रिझर्वेशन’ म्हणतात. कॅनडात त्यांना ‘रिझर्व’ म्हणतात. तिकडे आदिवासींसाठी जमीन राखली आणि बाकीची घेतली. आदिलाबादमध्ये जमीनच आदिवासींपासून राखली. हिंदुस्थानात पुढे आदिवासींसाठी राखल्या गेल्या त्या खुर्च्या आणि नोकऱ्या. या तीन अर्थांची गल्लत झाल्याने परदेशी अभ्यासकांचा इथे आल्यावर पुष्कळदा गोंधळ होतो.

भीम यांच्या मृत्यूनंतर निजाम सरकारने उठावाची कारणे जाणून घेण्यासाठी मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांची मदत घेतली. हे मूळचे ऑस्ट्रियन. जर्मन पारपत्रामुळे महायुद्धात ब्रिटिशांच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले होते आणि हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहण्याची त्यांना मुभा मिळाली होती. ते पत्नी बेटी यांच्यासह उटनूर पठारावरच्या मारलवाई या गोंड गावात राहिले. त्यांच्या अहवालांचा सार साधा होता : उठाव कोणा माथेफिरूचा नव्हता, जमीन गेल्याचा होता, आणि जमीन जाण्याला सावकाराइतकीच राखीव वनाची रेषाही कारण होती. पडीक शेतांचा मुद्दा त्यांनी पुन:पुन्हा मांडला. १९४३ मध्ये मारलवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. पुढे काही राखीव वनक्षेत्र मोकळे करून हजारो आदिवासी कुटुंबांना एक लाख एकरांहून अधिक जमिनीचे पट्टे देण्यात आले. निजामी राजवटीच्या अखेरच्या वर्षांतले हे काम अपुरे होते, तरी आदिलाबादच्या इतिहासात राखीव वनाची रेषा माणसांसाठी मागे सरकल्याचे एवढे मोठे उदाहरण पुढे कित्येक दशके दुसरे झाले नाही. गोंड हायमेनडॉर्फ दांपत्याला विसरले नाहीत. बेटी यांची समाधी मारलवाईत आहे.

१९४८ मध्ये हैदराबाद भारतात विलीन झाले. राज्यघटनेने अनुसूचित जमातींसाठी विधिमंडळांत व नोकऱ्यांत जागा राखल्या आणि आदिलाबादच्या डोंगराळ भागाचा समावेश पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात झाला. अशा रीतीने एकाच गावात या शब्दाचे दोन अर्थ शेजारी नांदू लागले. गावामागचे जंगल रिझर्व, तिथे कुऱ्हाड नेली तर गुन्हा. गावाची विधानसभेची जागा रिझर्व, तिथे त्याच गावातला माणूस आमदार होऊ शकतो.

१९५६च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा आदिलाबादपासून तुटले. किनवट नांदेड जिल्ह्यात राहिले, राजुरा पुढे चांद्यात गेले. साग तोच, गोंड-कोलाम तेच, पण पैनगंगेच्या एका काठावरच्या कचेरीत पाटी ‘राखीव वन’ अशी मराठीत आणि दुसऱ्या काठावर तेलुगूत. ही सीमा शब्दाच्या बाबतीत किती धारदार आहे ते चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातल्या चौदा गावांत दिसते. ही गावे आज महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही आपली मानतात. परमडोली, मुकादमगुडा या गावांत बहुसंख्य लोक मराठी बोलतात, त्यांतले बरेच मराठवाड्यातून आलेले. अनेकांच्या ट्रंकेत दोन मतदार ओळखपत्रे असतात. महाराष्ट्राच्या कार्डावर राजुरा हा मतदारसंघ येतो, तो खुला आहे. तेलंगणाच्या कार्डावर आसिफाबाद येतो, तो अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. माणूस एक, घर एक. एका मताने तो कोणालाही निवडू शकतो आणि दुसऱ्याने फक्त आदिवासी उमेदवारालाच.

आंध्र प्रदेशाने अनुसूचित क्षेत्रातली जमीन बिगर-आदिवासींच्या हाती जाऊ नये म्हणून १९५९ मध्ये नियमन केले. ते १९६३ मध्ये तेलंगणाला लागू झाले. १९७० मध्ये ते कडक करून या क्षेत्रातली जमीन केवळ आदिवासींतच हस्तांतरित होईल असे ठरले. त्या वर्षाचे पहिले नियमन म्हणून गावोगाव ते ‘वन ऑफ सेव्हंटी’ या नावाने ओळखले जाते. कायद्यात राखीव हा शब्द नसला तरी शेतजमीन खऱ्या अर्थाने राखण्याचा प्रयत्न हाच होता. अंमलबजावणी मात्र ढिली राहिली. त्याच दशकात जंगलातल्या जमिनींसाठी पट्टे मागणाऱ्या संघटना वाढल्या. २० एप्रिल १९८१ रोजी, सोमवारी, इंद्रवेल्लीच्या बाजाराच्या दिवशी गिरिजन रयतू कुली संघमची सभा होणार होती. बंदीहुकूम बजावला गेला, पण डोंगरातून उतरणाऱ्या गावांपर्यंत तो पोचला नाही, आणि जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. स्थानिक लोक आणि नागरी हक्क संघटना तो कित्येक पट अधिक सांगतात. तिथे उभारलेला लाल स्तंभ १९८६ मध्ये उडवून देण्यात आला आणि पुन्हा बांधला गेला.

या गोळीबारानंतरच्या नक्षली दशकांत राखीव शब्दाचा खाकी अर्थ डोंगरात घट्ट झाला. जिल्हा पोलिसांच्या ‘आर्म्ड रिझर्व’ला लोक नुसते ‘एआर’ म्हणतात. केंद्रीय राखीव पोलीस दलाला ‘सीआरपी’. लष्करी भाषेत राखीव म्हणजे गरजेपुरते मागे ठेवलेले बळ. आदिलाबादच्या वाड्यापाड्यांनी मात्र हे बळ पुढेच पाहिले.

नोकऱ्या आणि निवडणुकांतल्या राखीव जागांचा वाद मात्र आदिवासींच्या आतच पेटला. लंबाडा, म्हणजे मराठीतले बंजारा, राज्याच्या आंध्र भागात आधीपासून अनुसूचित जमातीत होते, तेलंगणात नव्हते. १९७६च्या दुरुस्ती कायद्याने प्रादेशिक बंधने काढली आणि १९७७ पासून तेलंगणातल्या लंबाडांनाही तो दर्जा मिळाला. महाराष्ट्रात त्याच समाजाची गणना विमुक्त जातींत होते. सीमा ओलांडली की एकाच कुळातल्या चुलतभावांचे दाखले बदलतात. शिक्षणात आणि संख्येत पुढे असलेल्या लंबाडांकडे राखीव जागांचा मोठा भाग जातो, अशी गोंड व कोलामांची तक्रार आहे. लंबाडांचे म्हणणे असे की दारिद्र्य आणि तांड्यावरचे जिणे त्यांनीही भोगले आहे. २००९ पासून आदिलाबाद लोकसभा मतदारसंघच अनुसूचित जमातींसाठी राखीव झाला आणि हा वाद प्रत्येक निवडणुकीत वर येतो. २०१७च्या अखेरीस तो हाणामारीपर्यंत गेला. हा झगडा दोन समाजांच्या द्वेषाचा म्हणून सांगितला जातो, ते अन्यायाचे आहे. जमीन आणि जंगल हातून गेल्यावर उरलेली एकच राखीव गोष्ट वाटून घेण्याची पाळी ज्यांच्यावर आली, त्यांचा तो झगडा आहे.

अनुसूचित क्षेत्रातल्या शाळांत शिक्षकांच्या सर्व जागा स्थानिक आदिवासींनाच देण्याचा आदेश आंध्र सरकारने १० जानेवारी २००० रोजी काढला होता. गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या मुलापुढे त्याची भाषा कळणारा शिक्षक उभा राहावा, आणि बदलीची वाट पाहत गैरहजर राहणारा परगावचा शिक्षक टळावा, हा हेतू. २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हे शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरवले. आधी झालेल्या नेमणुका न्यायालयाने सशर्त वाचवल्या.

वाघांचा रिझर्व यानंतरचा नव्हे, थोडा आधीचा. जन्नारम परिसरातले कवाल अभयारण्य १९६५ चे. एप्रिल २०१२ मध्ये त्याला टायगर रिझर्वचा दर्जा मिळाला. गाभा सुमारे ८९३ चौरस किलोमीटर, भोवतीचा पट्टा धरून एकूण सुमारे २,०१५. मराठीत याला ‘व्याघ्र प्रकल्प’ म्हणतात, त्यामुळे ताडोब्याला जाणाऱ्या मराठी पर्यटकाच्या कानावर राखीव हा शब्द येतच नाही. गाभ्यातल्या गावांना मात्र तो सर्वांत आधी ऐकू येतो. कवालमध्ये राहणारे वाघ फार थोडे. इथे येतात ते बहुधा महाराष्ट्रातून, ताडोब्याहून किंवा पैनगंगेपलीकडच्या टिपेश्वरहून, नदी आणि कापसाची शेते ओलांडत. गाभ्यातली मैसम्पेट आणि रामपूर ही गावे उठवून मद्दिपडगाजवळ वसवण्यात आली. कुटुंबाला पंधरा लाख रुपये किंवा जमीन व घर, असा पर्याय होता.

याच काळात उलट दिशेनेही एक कायदा चालू होता. २००६च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींचा ताबा मान्य केला. आदिवासी नसलेल्याला मात्र पंच्याहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. म्हणून बंजारा शेतकऱ्याला तेलंगणात जो पुरावा पुरतो तो महाराष्ट्रात पुरत नाही. आता आदिलाबाद, मंचेरियाल, निर्मल आणि कुमरम भीम आसिफाबाद अशा चार जिल्ह्यांत विभागलेल्या या मुलखात पोडू जमिनीचे तंटे धुमसतच होते. ३० जून २०२३ रोजी आसिफाबादेतून राज्यभरच्या पोडू पट्ट्यांचे वाटप सुरू झाले : सुमारे दीड लाख शेतकरी, चार लाख एकरांवर जमीन. मारलवाईच्या दिवसांनंतर रेषा पुन्हा मागे सरकली ती अशी, ऐंशी वर्षांनी.

आणि दोन वर्षांत ती परत पुढे आली. वन्यजीव कायद्यात २००२च्या दुरुस्तीने ‘कॉन्झर्व्हेशन रिझर्व’ असा एक प्रकार आणला आहे. ३० मे २०२५ रोजी तेलंगणा सरकारने ताडोबा आणि कवाल यांना जोडणारा सुमारे १,४९३ चौरस किलोमीटरचा वनपट्टा असा रिझर्व म्हणून जाहीर केला आणि त्याला नाव दिले कुमरम भीम यांचे. गावांतून विरोध उसळला : वाघाच्या नावाने पुन्हा गावे उठतील, शेती, चराई आणि मोहफुले बंद होतील. गावे हलवली जाणार नाहीत असे वनखात्याने सांगितले. लोकांचा विश्वास बसला नाही, बंद पुकारला गेला, आणि २१ जुलै २०२५ रोजी सरकारने आदेश स्थगित केला. ज्या राखीव वनांवर भीम यांचे नाव चढणार होते ती मात्र जुन्या अधिसूचनांप्रमाणे कागदावर राखीव आहेत.